रांगोळीत न काढलेली जागा

पंचायतीच्या फाटकाला नवा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर तुमचं नाव आहे, असं सुनेनं सांगितलं तेव्हा रंगूबाई खुशीतच घरातून निघाली होती. फ्लेक्सवर नाव यायला माणसाला एकतर निवडणूक लढवावी लागते, नाहीतर मरावं लागतं. आपलं नाव या दोन्हींवाचून आलं, म्हणून तिनं चांगलं लुगडं नेसलं, चष्मा घेतला आणि सून चंद्रा पुढं आणि आपण मागं, अशी भर उन्हाची फाटकाशी येऊन उभी राहिली.

शाळा तिची दुसरीत सुटली. पण अक्षरं तिनं सुटू दिली नव्हती. सिमेंटच्या गोणीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, मानकोली नाक्याकडून गावात शिरणाऱ्या ट्रेलरच्या पाठीवरचं, दिसेल ते ती अक्षराकडं बोट करून वाचायची. तिनं आधी आपलं नाव वाचलं. सगळ्यात वर होतं. ‘खारशेत गावाचा लोकनकाशा. सहसंशोधक : रंगूबाई आणि गावातील महिला.’ मग तिनं नकाशा वाचला. गावदेवी. तलाव. वड. कुणाचं घर कुठं. गोदामांच्या रांगा. खाडी. आणि खाडीच्या काठाला, डाव्या कोपऱ्यात, एक पिवळा चौकोन. त्यावर काळ्या अक्षरांत : रिकामी जागा.

तिनं चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा वाचलं.

“चंद्रे, यो चौकोन कुटं हाय गो?”

चंद्रा इकडंतिकडं, समोरच्या गावदेवीच्या देवळाकडं बघायला लागली. तिनं सकाळीच वाचलं होतं. म्हणूनच तिनं नुसतं नावाचं सांगितलं होतं.

“खाडीच्या कडंला. चिंचेच्या पल्याड.”

“चिंचेच्या पल्याड काय हाय?”

“आई, नको ना. देवीच्या दारासमोर नाव कशाला घ्यायचं…”

“मसन हाय!” रंगूबाई अशी ओरडली की समोरच्या टपरीवर चहा पिणारे बिहारी ड्रायव्हर ग्लास हातात धरून उभे राहिले. “आपली मसनवट हाय ती! आपले बापजादे जळले तितं! रिकामी? कुना मेल्यानं लिवलं रिकामी?”

खाली एक कागद चिकटवला होता. तो चंद्रानं वाचून दाखवला, कारण आता न वाचून चालणार नव्हतं. एक मेच्या ग्रामसभेत विषय होता की खाडीकाठची पडीक, रिकामी जागा ट्रेलरच्या पार्किंगसाठी एका गोदामवाल्या शेठला भाड्यानं द्यायची. सरकारी कागदावर ती जागा पडीकच आहे, आणि गावच्या महिलांनी केलेल्या नकाशातही ती रिकामीच दाखवली आहे. खाली सरपंचाची सही. सरपंच केसरीनाथ, म्हणजे रंगूबाईच्या धाकट्या दिराचा मुलगा. तिनं अंगाखांद्यावर खेळवलेला.

रंगूबाई घरी गेली ती रस्ताभर बोलत गेली. लोक दारात येत आणि आत जात. तिचं तोंड सुटलं की मधे पडायचं नसतं, हे खारशेतात लहान पोरालाही माहीत आहे. पण ‘कुना मेल्यानं लिवलं’ हे मात्र तिनं पुन्हा विचारलं नाही. कारण तो नकाशा कुणा मेल्यानं काढला नव्हता. तो तिनंच काढून घेतला होता.

झालं होतं असं. मुंबईच्या कुठल्याशा विद्यापीठातली पाच माणसं माघ महिन्यात गावात आली. पुढारीण निवेदिता मॅडम. अर्धे केस पांढरे, कपाळाला टिकली नाही, पायात पुरुषी चपला. तिच्याबरोबर एक इतिहासवाला, एक कायदेवाली, एक चित्रकलेची बाई आणि आल्हाद नावाचा नकाशेवाला पोरगेला मास्तर. पाच जणांचे पाच विषय. निवेदितानं ओटीवर बसून समजावून सांगितलं होतं : आजवर एकेक विषयाची माणसं वेगवेगळी येत, आपापलं लिहून नेत. आता सगळे विषय एकत्र, आणि त्यांच्याही पलीकडे जायचं.

“पल्याड म्हंजे कुटं?” रंगूबाईनं विचारलं होतं.

“म्हणजे तुमच्याकडे, आजी. आम्ही तुमच्यावर अभ्यास करणार नाही, तुमच्याबरोबर करणार. तुम्हीही संशोधक. आमच्याइतक्याच.”

“बरं. मग मी विचारीन नि तू सांगशील, असं पन हाय ना त्याच्यान?”

निवेदिता हसली होती. पण बाई खोटी नव्हती, एवढं रंगूबाईला तेव्हाही वाटलं होतं. चहा आवडला नाही तर तसं सांगणारी होती.

त्यांना गावाचा नकाशा हवा होता. सरकारी नको, बायांच्या डोक्यातला. तो हळदीकुंकवाच्या दिवशी काढायचा ठरलं, कारण त्या दिवशी सगळ्या बाया गावदेवीच्या पटांगणात आपसूक जमतात. जमीन शेणानं सारवली. रंगूबाई विधवा, हळदीकुंकवाचा मान तिला नाही आणि रांगोळीला तिनं म्हातारा गेल्यापासून बोट लावलेलं नाही. पण कुंकू गेलं तरी जीभ गेली नव्हती. ती मधोमध पाटावर बसली आणि तिनं गाव काढून घेतलं. “तलाव येवढा न्हाय गो, बारीक कर. गोदाम चौकोनी काढ, गोल काय काढतंस, ती काय गावदेवी हाय? भावनाच्या घराला दार दे. मानसं काय भिंतीतून जातात?” पोरी हसत होत्या, रांगोळी सांडत होती. आल्हाद स्टुलावर चढून फोटो काढत होता.

चंद्रा खाडीची रेघ ओढत ओढत चिंचेपाशी आली. खारशेतात कुणी गेलं की तिरडी चिंचेखाली उतरवतात. बाया तिथवर जातात. तिथं शेवटचं तोंड बघायचं, तिथून पाठ फिरवायची, मागं बघायचं नाही. पुढं पुरुष नेतात. बायांचं गाव चिंचेपाशी संपतं. चंद्राचा हात चिंचेपाशी थांबला, चिमटीतली रांगोळी तशीच. तिनं वर बघितलं. रंगूबाईनं तिच्याकडं बघून नुसती मान हलवली : चल पुढं. हळदीकुंकवाच्या रांगोळीत, सवाष्णींच्या हातानं, देवीच्या पुढ्यात मसण काढायचं? त्याचं नावसुद्धा त्या दिवशी कुणी काढलं नसतं. एकीनंही काढलं नाही. चंद्रानं चिंच काढली आणि हात उचलला.

पुढं कोपरा तसाच राहिला. नुसतं शेण.

रंगूबाई गप्प बसणारी नव्हती. फ्लेक्स वाचला त्याच रात्री तिनं निवेदिताला फोन लावला आणि ‘हॅलो’च्या आधीच म्हणाली, “मॅडम, तू माजी मसनवट खाल्लीस. उद्या येऊन वकून टाक.”

दुसऱ्या दिवशी निवेदिता आणि आल्हाद आले. रंगूबाईनं त्यांना पाणी दिलं. चहा विचारला नाही. चंद्रा आत चहाचं भांडं हातात घेऊन उभी होती, तिला डोळ्यानं दटावलं.

“बोल. रिकामी कशी लिवलीस?”

आल्हादच्या कपाळावर घाम होता. “आजी, त्या कोपऱ्यात काहीच काढलेलं नव्हतं. उपग्रहाच्या फोटोत पण झाडी दिसत होती. कॉम्प्युटरवर नकाशा करताना प्रत्येक तुकड्याला काहीतरी नाव द्यावंच लागतं, म्हणून मी…”

“म्हनून तू रिकामी नाव ठेवलंस. बारसं केलंस.”

“मी इतिहासवाल्या सरांना विचारलं होतं. त्यांना वाटलं की गेलेल्या शेतीची ती मूक आठवण आहे. तसं त्यांनी अहवालात लिहिलंय पण. चित्रकलेच्या मॅडम म्हणाल्या, रांगोळीत मोकळी जागा सोडतातच, शोभेसाठी.”

“शोभेसाठी!” रंगूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “नि कायदेवाली?”

“त्या म्हणाल्या, सातबाऱ्यावर पडीक आहे, म्हणजे जुळतंय.”

“पाच शानी मानसं. नि एकाच्या तोंडातून न्हाय आलं, की बायांनो, हितं काय हाय?”

निवेदिता इतका वेळ खाली बघत होती. ती हळू आवाजात म्हणाली, “प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं विचारलं असेल. चूक आमची आहे, आजी. पण एक विचारलं होतं. शेवटी मी विचारलं होतं.”

आल्हादनं लॅपटॉप उघडला. पटांगण दिसलं, रांगोळी दिसली, पाटावर बसलेली रंगूबाई दिसली. निवेदिताचा आवाज आला, “आजी, झालं का सगळं? काही राहिलं नाही ना?” आणि पाटावरच्या रंगूबाईनं हात झटकला आणि ठणकावून सांगितलं, “जालं. पुरा गाव जाला. काय न्हाय ऱ्हायलं.”

रंगूबाईनं त्या चित्रातल्या बाईकडं असं बघितलं की ती समोर असती तर तिच्या कानाखाली बसली असती.

“ह्ये केसरीनाथकडं हाय?”

“अहवालाबरोबर सगळंच पंचायतीला दिलं. गावाचं काम गावाला परत द्यायचं, असं आमचं ठरलेलं असतं.” निवेदिताचा आवाज बारीक झाला. “आम्ही दुरुस्ती देऊ. पण विद्यापीठाची समिती बसते, मग पुरवणी निघते. ग्रामसभेच्या आधी नाही होणार. मी सभेत येऊन बोलीन मात्र.”

रंगूबाईचा राग आता कुणावर टाकावा हे तिलाच कळेना, म्हणून तो होता तसा समोर टाकला. “तू नवऱ्याची का बापाची, कुनाची तरी राख बघितली असशील ना? का शहरान मानसं मरत न्हाईत?”

“वडिलांना मीच अग्नी दिला,” निवेदिता म्हणाली. “भाऊ नाही मला.”

रंगूबाईनं तिच्याकडं नवीन माणसाकडं बघावं तसं बघितलं. मग तिचा पारा दुप्पट चढला. “मग तर तुलाच जास्त लाज वाटली पायजे! आमी बाया चिंचेपासून मागं फिरतो. आमी तितलं काय जानत न्हाय, नाव काढत न्हाय. पन तू मसनान जाऊन आलेली बाई! तुला न्हाय सुचलं, गाव हाय तर गावाला मसन पन असंल?”

त्या दिवशी चहा झालाच नाही.

एक मेला झेंडा झाला आणि पंचायतीच्या हॉलमध्ये सभा भरली. एरवी ग्रामसभेला बाया फिरकत नाहीत. त्या दिवशी रंगूबाई घरोघर जाऊन बोलावून आली होती, म्हणून हॉलची अर्धी सतरंजी बायांनी भरली. गोदामात पॅकिंगला जाणाऱ्यांनी शिफ्ट बदलून घेतली. निवेदिता आणि आल्हाद मागच्या भिंतीला टेकून उभे होते. खुर्ची दिली होती, ती घेतली नाही.

केसरीनाथानं विषय वाचला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, आवाज गोड. “गावाला भाडं येईल. रस्त्यावर ट्रेलर उभे ऱ्हातात, पोरं खाली येतात, ते बंद होईल. नि जागा तर आपल्या मायबहिनींनीच रिकामी सांगितली हाय.”

निवेदिता पुढं आली. म्हणाली, ती नोंद चुकीची आहे, चूक आमच्या टीमची आहे, आम्ही लेखी दुरुस्ती देणार आहोत. केसरीनाथानं हात जोडून ऐकून घेतलं. “मॅडम, तुमी मोठी मानसं. पन तुमीच लिवलंय, गावातल्या मानसांचं ज्ञान पहिलं, तुमचं मागनं. मग आज तुमचं पुढं कसं काय?” आणि त्यानं मोबाइल माइकला लावला. सगळ्या हॉलात रंगूबाईचा आवाज घुमला : “जालं. पुरा गाव जाला. काय न्हाय ऱ्हायलं.”

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. रंगूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

“केसऱ्या, तो आवाज माजाच हाय. मी बोल्ली. नि मी चुकीचं बोल्ली. हळदीकुंकवाच्या दिवशी रांगोळीन मसन काढत न्हाईत, ह्ये तुज्या आयशीला ठावं होतं, तुज्या बायकोला ठावं हाय, तुला पन ठावं हाय. ठावं असून मोबाईल वाजवतंस?”

“काकी, मी काय वाईट करत न्हाय…”

“तुजा बाप तितं जळला! त्याच्या छातीवर ट्रेलर लावशील?”

केसरीनाथाचा चेहरा बदलला. गोडवा गळून पडला आणि खालून खरा माणूस बाहेर आला.

“माजा बाप कसा जळला, ह्ये तुला ठावं हाय, काकी?” तो म्हणाला. “सरावनात गेला. वर छप्पर न्हाय, खाली चौथरा न्हाय. लाकूड वलं. ताडपत्री धरून उभे होतो आमी, पेटंच ना. शेवटी गोदामातून जुने टायर आनले नि टायर टाकून पेटवला माजा बाप. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं, ऱ्हायलेलं जाळायला. तुमी बाया चिंचेखालनं परत आलात, आंघोळी केल्यात. तू कंदी बघितलीस ती जागा? एकदा तरी? भिवंडीला नीट स्मशान हाय, पत्रा हाय, पानी हाय. टेम्पोतून नेऊ मानसाला. काय वाईट बोलतो मी?”

धाकटा दीर टायरवर जळला, हे रंगूबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. पुरुषांनी सांगितलं नाही आणि बायांनी विचारलं नाही. घरात त्या दिवशी केसरीनाथ जेवला नव्हता, एवढं तिला आठवलं. तिनं त्याला दरडावून दहीभात चारला होता.

पण ती रंगूबाई होती. राग तिला सोडून जात नसे, नुसता कूस बदलत असे.

“मग सरपंच जालास तवा छप्पर का न्हाय बांधलंस?”

“मसनाच्या कामाला मत कोन देतं, काकी? तुमी बाया नळ मागता, दिवे मागता, सभामंडप मागता. मसन कुनी मागितलं? ज्याचं नाव कुनी काढत न्हाय, ते रिकामंच असतं.”

हे त्यानं बोलायला नको होतं. किंवा बोलायलाच हवं होतं, कोण जाणे. रंगूबाईनं पदर खोचला.

“मी बघितली न्हाय, खरं बोल्लास. चल, बघून येते.” ती दाराकडं वळली आणि सतरंजीवर बसलेल्या बायांना म्हणाली, “उठा गो. का तुमाला पन मेल्यावरच जायचंय?”

आधी कुणी हललं नाही. मग चंद्रा उठली. चंद्रा उठली म्हणून भावना उठली, तिच्या मागं तिची जाऊ. सतरंजी मोकळी होत गेली. ग्रामसेवक घाईनं डोकी मोजायला लागला आणि मग केसरीनाथाच्या कानाला लागला : साहेब, कोरम राहत नाही, सभा तहकूब करावी लागेल. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमही लागत नाही, हेही त्यानं सांगितलं. म्हणजे आठ दिवसांची उसंत होती, जास्त नाही.

चिंचेखाली बाया थांबल्या. पाय सवयीनंच थांबले. ऊन असं होतं की खाडीचं पाणी डोळ्यात खुपत होतं. रंगूबाईही थांबली. तिच्या म्हाताऱ्याला तिनं इथूनच सोडलं होतं, पाठ फिरवून. मागं बघायचं नाही म्हणून तिनं खरंच बघितलं नव्हतं. नियम पाळण्यात ती कुणाला हार जात नसे.

“आई,” चंद्रा कुजबुजली, “पाप लागंल.”

“लागलं तर मना लागू दे. माजं वय जालंय लागायचं.”

आणि ती पुढं गेली.

पुढं जे होतं ते बघून तिला रडू यावं अशी मागून येणाऱ्या निवेदिताची समजूत असावी, कारण ती तिला आधार द्यायला जवळ आली. रडू कसलं येतंय. काटेरी झुडपं, पॅकिंगचं प्लास्टिक वाऱ्यानं झुडपांना गुंडाळलेलं. दारूच्या बाटल्या. दोन काळे दगड आणि मधे काळी माती. एका बाजूला तीन ट्रेलर आधीच उभे, त्यातल्या एकाच्या सावलीत ड्रायव्हर चटई टाकून झोपलेला. चौथरा नाही. पाण्याचा नळ नाही. एक टायर अर्धा जळून तसाच पडलेला.

“ह्ये ठेवलंत होय आमच्यासाठी?” रंगूबाई वळून गरजली, कारण आता मागून पुरुषही आले होते, चिंचेपलीकडं घोळक्यानं उभे राहून बघत होते. “आमाला सांगता, बायांनी येयाचं न्हाय, बायांचं काळीज नाजूक! काळीज नाजूक म्हनून न्हाय, तुमची लाज दिसू नये म्हनून! आमच्या पदराआड लपवून उकिरडा केलात मसनाचा!”

ड्रायव्हर जागा झाला, इतक्या बाया बघून त्यानं चटई गुंडाळली. “माताजी, हमको किसी ने बोला नहीं था,” तो म्हणाला, “बोला खाली जगह है.”

“खाली नहीं है, बाबा,” रंगूबाई त्याला म्हणाली, आणि त्या सगळ्या गर्दीत तेवढ्या एकाशी ती जरा नरम बोलली. “भरेली है. गाडी हटाव.”

मग तिनं चंद्राला रांगोळी आणायला पाठवलं. चंद्रा घरून डबा घेऊन आली, हळदीकुंकवाचीच उरलेली रांगोळी, आणि तो हातात धरून उभी राहिली. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. कपाळाला कुंकू होतं. तिचा हात उठत नव्हता, आणि रंगूबाईनं तो उठवायला सांगितलंही नाही.

“आन हिकडं. हे माज्यासारखीचं काम हाय.”

कैक वर्षांनी तिनं रांगोळीला हात घातला. चिमटीची नक्षी तिला आता येणार नव्हती, बोटं वाकडी झाली होती. तिनं मूठ भरली आणि चालत चालत सोडायला लागली. चिंचेपासून खाडीपर्यंत. खाडीच्या काठाकाठानं. कुठवर जायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ते तिनं कबूल करायच्या ऐवजी ओरडून विचारलं, “केसऱ्या! मुका जालास? हद्द कुटवर?”

केसरीनाथाचा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मग झुडपं हातानं बाजूला करत तो पुढं आला. “त्या पल्याडच्या दगडावर. आजोबा सांगायचा. तितपर्यंत आपलं.”

आल्हाद मोबाइल हातात धरून तिच्या मागून चालायला लागला. ती जिथं वळे तिथं तो वळे. त्याच्या पडद्यावर एक निळी रेघ तिच्या पांढऱ्या रेघेबरोबर सरकत होती. ड्रायव्हर ट्रेलर मागं घेईपर्यंत रंगूबाई चाकासमोर मूठ धरून उभी राहिली. चाक हललं तशी तिनं तिथं रांगोळी सोडली. रेघ वाकडी आली, दोनदा तुटली, पण वळून चिंचेपाशी आली आणि मिळाली.

“ह्यांना कुटं जाळला?” तिनं केसरीनाथाला विचारलं. आवाज चढलेलाच होता. तिला खालचा आवाज लावता येत नव्हता.

त्यानं दोन काळ्या दगडांकडं बोट केलं. “काकांना हितंच. बाबाला पन.”

ती तिथं गेली. वाकली नाही, हात जोडले नाहीत. नुसती उभी राहिली, मोठ्यांदा श्वास घेत. मग पायानं टायर ढकलून बघितला. हलला नाही.

“ह्यो आधी उचल. आत्ता. तुज्या हातानं.” केसरीनाथ वाकला. पांढऱ्या शर्टाला काळं लागलं. “नि पुढची सभा हॉलान न्हाय. हितं घे. आमी बाया येनार. छप्पर मागनार, चौथरा मागनार, नळ मागनार. मत हवं तर तेवा विचार. हितं उभा ऱ्हाऊन विचार, म्हंजे मी बघते कोन हात वर करतो पार्किंगला.”

“बघू,” केसरीनाथ म्हणाला. हो म्हणाला नाही. शेठला शब्द देऊन बसला होता, तो काही एका रांगोळीनं पुसला जाणार नव्हता, आणि हे रंगूबाईलाही कळत होतं. पण टायर घेऊन तो चिंचेपर्यंत गेला आणि मागून गावातले पुरुष बाटल्या वेचायला लागले.

निवेदिता वही काढत होती. रंगूबाईनं ती वही दिसताच हात पुढं केला, “आधी ही रेघ नि माजं आजचं बोलनं घाल त्या मशीनमध्ये, मग लिही. पन माजं पहिलं बोलनं पुसू नको. ऱ्हाऊ दे. त्याच्या खाली दुसरं घाल. लोकांना कळू दे, रंगूबाई बोल्ली नि रंगूबाईनंच फिरवलं.”

“घालते,” निवेदिता म्हणाली. “आणि आम्ही विचारलं नाही, तेही घालते.”

“ते तर घालच. मोठ्या अक्षरान घाल.”

आल्हाद मोबाइलवर वाकून उभा होता. निळी रेघ पुरी झाली होती आणि आतल्या जागेला मशीन पुन्हा नाव मागत होतं. त्यानं जरा घाबरतच विचारलं, “आजी, काय लिहू इथं? स्मशान लिहू?”

रंगूबाईनं रांगोळीचे हात लुगड्याला पुसले. दोन काळ्या दगडांकडं एकदा बघितलं.

“मसन लिही. आमी म्हनतो तेच लिही. नि त्याच्या खाली लिही, हितं रंगूबाईची जागा ठरलेली हाय,” ती म्हणाली. “नि चल आता. घरी चल दोघं. त्या दिवशीचा चहा ऱ्हायलाय, तो पिऊन जा, म्हंजे परत माज्या नावानं काय ऱ्हायलं म्हनू नका.”